पाठभेदांतला स्पिनोझा

सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्या ‘एथिक्स’ या ग्रंथाची फोक्के आकरमान आणि पीट स्टेनबाकर्स यांनी सिद्ध केलेली लॅटिन संहिता २०२० साली पॅरिसहून प्रसिद्ध झाली. पिएर-फ्रांस्वा मोरो यांचा फ्रेंच अनुवाद तिच्यासोबत आहे. गेले काही आठवडे मी ती वाचतो आहे आणि खरे सांगायचे तर मजकुरापेक्षा पाठभेदांवरच, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतल्या शब्दांच्या फरकांवरच, माझी नजर अधिक रेंगाळते.

फेब्रुवारी १६७७मध्ये स्पिनोझाचे निधन झाले आणि त्याच वर्षी मित्रांनी त्याचे अप्रकाशित लेखन लॅटिनमध्ये व डच भाषांतरात छापले. त्याच्या हस्ताक्षरातली प्रत मात्र नाहीशी झाली. डच भाषांतरात काही ठिकाणी जादा शब्द आढळतात. संपादक कार्ल गेबहार्ट यांनी ते स्पिनोझाच्याच आधीच्या खर्ड्यातले मानले आणि १९२५च्या आपल्या आवृत्तीत लॅटिन संहितेला त्यांची जोड दिली. ही आवृत्ती पुढे प्रमाण ठरली. त्या जादा शब्दांतले बरेचसे म्हणजे केवळ भाषांतरकारांची लकब आहे, असे आकरमान यांनी १९८०च्या प्रबंधात मांडले. पण दोन्ही बाजूंचा निवाडा करू शकेल असे एकही हस्तलिखित तोवर हाती नव्हते.

ते २०१०मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात अभ्यासक लेन स्प्रुइट यांना सापडले. स्पिनोझा हयात असतानाच पीटर व्हान गेंट याने स्पिनोझाचा मित्र, जर्मन गणितज्ञ चिर्नहाउस याच्याकरिता ही नक्कल केली होती आणि चिर्नहाउस ती रोमला घेऊन गेला. तेथे ती नील्स स्टेन्सेनच्या हाती पडली. हा नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ एके काळी स्पिनोझाच्या परिचयातला होता, पुढे कॅथलिक झाला. सप्टेंबर १६७७मध्ये त्याने ती कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायपीठाच्या (इन्क्विझिशनच्या) स्वाधीन केली. ग्रंथ दडपला जावा म्हणून केलेल्या या तक्रारीमुळेच त्याची एकमेव ज्ञात हस्तलिखित प्रत टिकून राहिली, हे स्टेन्सेनला मुळीच रुचले नसते.

छापील संहितेशी ताडून पाहता फरक बहुतेक बारीक आहेत, आणि त्यामुळे स्पिनोझाचे तत्त्वज्ञान बदलत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही भूमितीच्या पद्धतीने रचलेल्या या ग्रंथात प्रत्येक सिद्धता आधीच्या विधानांचे क्रमांक देत पुढे सरकते, त्यामुळे एखादा आकडा चुकला तरी युक्तिवादाची कडी निखळते. शिवाय गेबहार्ट यांच्या संहितेवरून झालेली भाषांतरे अजूनही सर्रास वापरात आहेत. माझे जुने पुस्तकही त्यांपैकीच एक असल्यामुळे, त्यात पेन्सिलीने रेघ मारलेल्या जागा मी आता एकेक करून या आवृत्तीशी पडताळून पाहतो आहे.