तीन डिसेंबरला व्यासपीठ रिकामं ठेवलं

जागतिक दिव्यांग दिन. नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका महाविद्यालयातल्या आमच्या समान संधी केंद्राचा कार्यक्रम अकराला सुरू व्हायचा होता, आणि साडेआठला मांडववाल्याची माणसं व्हीलचेअर वर न्यायला व्यासपीठाला एक फळी टेकवून निघण्याच्या बेतात होती. व्यासपीठ दोन फूट उंच, फळी आठ फूट लांब. म्हणजे चार फुटांना एक फूट चढ. सुगम्यतेच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बारा फुटांना एक फूट, याहून तीव्र चढ चालत नाही. दोन फुटांसाठी चोवीस फुटी रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर पोचल्यावर खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा एवढं सगळं हवं. आठ फुटी फळीवर ढकलणाऱ्याचे पाय सरकतात, नाहीतर खुर्ची मागे कलंडते.

प्रमुख वक्ते बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर येणार होते. अशी खुर्ची आणि बसणारा माणूस मिळून वजन शंभर किलोच्या वर सहज जातं, त्यामुळे कठडा नसलेली फळी मधोमध वाकते. एनएसएसची मुलं मनापासून म्हणाली, "आम्ही चौघं उचलतो ना, मॅडम." त्यांचा हेतू चांगला होता, पण ही खुर्ची उचलण्यासाठी बनवलेलीच नसते. धरायला सोयीचे वाटणारे हातांचे आधार पुष्कळदा सुटे निघतात. शिवाय दोनशे लोकांसमोर ज्याला उचलून वर ठेवलं जातं, त्याने त्यानंतर हक्कांवर बोलायचं, हे आम्हाला मान्य नव्हतं.

म्हणून व्यासपीठ वापरायचंच नाही असं ठरवलं. प्राचार्य, पाहुणे, सूत्रसंचालक, सगळे सभागृहाच्या जमिनीवर. हे वाटतं तितकं सोपं नसतं, कारण वक्ता खाली आला की मागच्यांना तो दिसत नाही. खुर्च्यांच्या सरळ ओळी मोडून अर्धगोल केला, मधली वाट चार फुटांची ठेवली आणि बोलणाऱ्याचं चित्र कॅमेऱ्यातून पडद्यावर घेतलं. समई पुरुषभर उंचीची होती. बसलेल्या माणसाचा हात वातीपर्यंत पोचत नाही, म्हणून लहान समई टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी एवढंच विचारलं, "नॅकला लागणाऱ्या फोटोंत बॅनर येईल ना?" प्रश्न रास्त होता. नॅक म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणारी संस्था; तिच्या मूल्यांकनात समावेशक वातावरणाचे पुरावे द्यावे लागतात आणि त्यात जिओटॅग केलेले फोटो असतात. बॅनरही खाली आणला.

व्हीलचेअरसाठी जागा पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात एकत्र काढून ठेवायची पद्धत आहे. ती आम्ही मुद्दाम मोडतो. निरनिराळ्या ओळींत एकेक खुर्ची काढून नव्वद सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल जागा सोडली की मैत्रिणीला शेजारी बसता येतं. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह आदल्या दिवशी स्वतः उघडून पाहावं लागतं, कारण बहुतेक ठिकाणी तिथे झाडू, बादल्या आणि जुनी बाकं रचलेली असतात आणि किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या माणसाकडे असते. कार्यक्रमाची वेळ अकरा ते दोन ठेवण्यामागे लोकलचं गणित आहे. दिवा, मुंब्रा, कळव्याहून येणारी मुलं ठाण्याला गाडी बदलतात. सकाळच्या गर्दीत ठाणे-नेरूळ ट्रान्स हार्बर मार्गाच्या दिव्यांग डब्यातही शिरणं मुश्कील. उरणहून जानेवारी २०२४ पासून थेट लोकल असल्याने तिकडच्या मुलांची बसची अदलाबदल तरी वाचली. घडीची व्हीलचेअर रिक्षात मागे बसते, बॅटरीवरची बहुतेकदा बसत नाही. तिच्यासाठी उतरती फळी असलेली गाडी आधी सांगून ठेवावी लागते.

खरी मेहनत कर्णबधिर मुलांसाठी लागते, आणि तीच बाहेरून कमी दिसते. भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन हवेत, एक नव्हे. साधारण वीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतात, मग वाक्यं गळायला लागतात. ती गळताहेत हे ऐकणाऱ्यांना कळतच नाही. दुभाषी वक्त्याच्या शेजारी उभा राहिला तर मुलांना दोघांचे चेहरे एका नजरेत दिसतात. कपडे एकरंगी आणि हातांच्या रंगाहून वेगळे दिसणारे. भाषण, विशेषनामं आणि स्वागतगीताचे शब्द दोन दिवस आधी पाठवायचे. ऐन वेळी गाणं सुरू झालं तर चांगला दुभाषीही नुसता "गाणं चालू आहे" एवढंच सांगू शकतो. पीपीटी सुरू झाली की पुढचे दिवे बंद करायची सभागृहातल्या माणसाला सवय असते आणि दुभाषी अंधारात जातो. त्या बटणावर आम्ही आधीच चिकटपट्टी लावतो.

दुभाष्यावरही सगळं सोडता येत नाही. काही मुलांचं शिक्षण ओठ वाचून झालेलं असतं, त्यांना सांकेतिक भाषा फारशी येत नाही. त्यांच्यासाठी पडद्याच्या खालच्या भागात मजकूर. फोनवरचं आपोआप होणारं लेखन मराठीत बऱ्यापैकी चालतं, पण नावं आणि आकडे चुकतात, म्हणून शेजारी एक विद्यार्थी दुरुस्तीला बसवायचा. माइक तोंडासमोर नको, हनुवटीखाली.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. सूत्रसंचालकाने विचारलं, "आणखी कुणाला काही विचारायचंय? नाही? मग आभारप्रदर्शन..." दुभाष्याचे हात तेव्हा कुठे "विचारायचंय" पर्यंत पोचले होते. तिसऱ्या ओळीतल्या मुलीचा हात वर गेला तोवर आभाराचा कागद उघडलेला होता. दुसऱ्या दुभाषी पुढे आल्या, दोन्ही तळवे दाखवून त्यांनी थांबवलं. भाषांतर काही सेकंद मागे चालतं. प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजूनच पुढे जायचं, हे निवेदकाच्या कार्डावर ठळक लिहिलेलं असतं. तरी शांततेची धास्ती वाटून माणसं बोलून जातात.

तिचा प्रश्न प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेचा होता. बाहेरचे परीक्षक जर्नल चाळत, मान खाली घालून विचारतात. ओठ दिसत नाहीत. एकदा "रिपीट" म्हणता येतं, दुसऱ्यांदा म्हटलं की अभ्यास झालेला नाही असा समज होतो आणि गुण जातात. प्रश्न लिहून मिळाले तर?

परीक्षा विभागाचे प्रमुख पुढेच बसले होते, सुदैवाने जमिनीवर आणि तिच्या समोर. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची तरतूद आहे. लेखनिकाला पात्र असलेल्यांना ताशी किमान वीस मिनिटं जादा मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तोंडी परीक्षेचा विचार मात्र कुणी करत नाही. तिथेच ठरलं ते असं: परीक्षकाने प्रश्न लॅपटॉपवर टाइप करायचा, उत्तर लिहून द्यायचं की बोलून हे विद्यार्थिनीने निवडायचं, तिची वेळ शेवटची ठेवायची म्हणजे मागे रांग खोळंबत नाही. आणि परीक्षकाला हे पत्राने परीक्षा विभाग कळवेल. दर सत्रात नव्या माणसापुढे आपलं ऐकू न येणं तिने सिद्ध करत बसायचं नाही.

ही मुलगी आमच्या नोंदणीत "दिव्यांग" म्हणून आलेलीच नव्हती. अर्जात आम्ही प्रकार किंवा टक्केवारी विचारत नाही, "तुम्हाला काय लागेल?" एवढंच विचारतो. तिने "दुभाषी" वर खूण केली होती. हाच नियम जातीच्या आणि पैशाच्या बाबतीत अधिक कडक हवा. शिष्यवृत्तीधारकांची नावं प्रवर्गासह माइकवर वाचून त्यांना उभं करणं अजूनही चालतं, आणि ते अपमानकारक आहे. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या अर्जांचं मदतकेंद्र म्हणूनच दाराशी न ठेवता ग्रंथालयात, सगळ्याच चौकशांच्या टेबलावर ठेवलं. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. हजेरीपटावरचं नाव ज्यांना आपलं वाटत नाही अशा पारलिंगी विद्यार्थ्यांना त्यामुळे कुणाला काही समजावत बसावं लागत नाही. फोटोची संमतीही प्रवेशद्वाराशीच, वेगळ्या रकान्यात.

निमंत्रणाचा एक तपशील सांगायलाच हवा. व्हॉट्सॲपवर फिरणारं रंगीत पत्रक म्हणजे नुसतं चित्र, अंध विद्यार्थ्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा फोन त्यातली अक्षरं नीट वाचेलच असं नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पीडीएफ वाचली तर जाते, पण कानावर निव्वळ असंबद्ध अक्षरं पडतात. पत्रकाखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायला पाच मिनिटं लागतात.

तोंडी परीक्षेचा ठराव त्याच संध्याकाळी इतिवृत्तात घेतला. ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीसाठी दोन्ही दुभाष्यांची तारीखही तेव्हाच पक्की केली. प्रशिक्षित दुभाषी थोडे आहेत आणि जयंत्यांच्या दिवसांत सगळ्यांनाच हवे असतात. त्यांचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत घातलं. शाल, श्रीफळ आणि मानचिन्हं त्याच्या खाली, उरलेल्या रकमेत.