टर्कीचा मोर होतो तेव्हा

टर्कीइतका करायला सोपा पक्षी नाही. कागदावर पंजा पसरून ठेवायचा आणि भोवतीनं पेन्सिल फिरवायची. अंगठ्याचं डोकं होतं, चार बोटांचा पिसारा. अमेरिकेत बालवाडीतली मुलं नोव्हेंबरात असली टर्की घरी आणतात आणि आया ती वर्षानुवर्षं फाइलमध्ये जपतात, कारण त्यात त्या सालच्या हाताचं माप असतं. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी इथे थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्यात टर्की भाजून खातात. माझ्या मते त्याच्या सजावटीत याच्यावर ताण करणारं डिझाइन अजून निघालेलं नाही. अडचण एवढीच की कागद टेबलाच्या मधोमध उभा राहत नाही. आणि चार माणसं जेवायला येणार म्हटलं की मधोमध काहीतरी हवं. त्याला इथे सेंटरपीस म्हणतात.

आम्ही बॉस्टनच्या उपनगरात राहतो. ज्या मेजवानीवरून हे सगळं सुरू झालं असं सांगतात, ती १६२१ साली इथून तासाभरावर, प्लिमथला झाली. तिथल्या इंग्रज वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोनं एका पत्रात तिच्याबद्दल लिहिलंय. चौघं जाऊन पाखरं मारून घेऊन आले, वांपानोआग या तिथल्या मूळ जमातीच्या पाहुण्यांनी पाच हरणं आणली, तीन दिवस खाणंपिणं चाललं. पाखरं कुठली, ते त्यानं सांगितलेलं नाही. म्हणजे टर्कीचा पुरावा कच्चा आणि हरणांचा पक्का. तरी हरणाचं सेंटरपीस कुणी करत नाही. हरणांना महिनाभरानं नाताळात काम मिळतं.

खरी टर्की बघायला आम्हांला लांब जावं लागत नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली रानटर्की एकोणिसाव्या शतकात पार संपली होती. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातून थोड्या आणून बर्कशायरच्या डोंगरांत सोडल्या. त्यांच्या वंशजांनी आता शहरं व्यापलीत. सकाळी ऑफिसच्या घाईत त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या असतात आणि हॉर्नला अजिबात दाद देत नाहीत.

तर सेंटरपीस. बाजारात कागदी मिळतात, भोपळ्याची मिळतात, पण घरी करायचं तर पाइनकोनला, म्हणजे पाइनच्या झाडाच्या खवलेदार शंकूला, तोड नाही. आमच्याकडच्या व्हाइट पाइनचे कोन लांबुडके आणि डिंकानं चिकट असतात. टर्कीच्या अंगासाठी बुटका, गोलसर कोन शोधावा लागतो. ओला कोन मिटलेला असतो. तो फॉइलवर ठेवून मंद ओव्हनमध्ये, दोनशे फॅरनहाइटला, अर्धा-पाऊण तास ठेवायचा आणि अधूनमधून डोकावायचं. आतले किडे मरतात, डिंक वितळून खवल्यांवर चकाकी धरतो आणि एकेक खवला उघडत जातो. घरभर राळेचा वास सुटतो. पुढे काम सोपं. कोन आडवा ठेवायचा, निमुळत्या टोकाला डोकं, रुंद बाजूच्या खवल्यांत पिसं खोचायची.

पिसं विकतची. परसात ब्लू जेचं सुरेख निळं पीस पडलेलं असतं, पण ते उचलून घरात ठेवणं गुन्हा आहे. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यात इथले बहुतेक पक्षी येतात आणि त्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा बाळगता येत नाही. टर्की त्या कायद्यात बसत नाही. म्हणून दुकानात रंगवलेली जी पिसं मिळतात ती बऱ्याचदा टर्कीचीच असतात. टर्की करायला टर्कीचीच पिसं लागावीत, हे मला जरा क्रूर वाटतं. घेते मात्र तीच.

यंदा आई इथे होती. आईनं आयुष्यभर नात्यागोत्यातल्या लग्नांची रुखवतं सजवली आहेत. सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीची शेंडी लावलेला नारळाचा भटजी, हे तिच्या हातचं. पाइनकोन हातात फिरवून ती म्हणाली, "हा इतका तयार माल झाडाखाली पडलेला असतो? फुकट?" मग तिनं ग्लू गन बाजूला सारली, सुई-दोरा मागितला आणि तासाभरात एक देखणा पक्षी टेबलावर ठेवला. मान उंच, पिसारा भरगच्च, पिसांच्या टोकांना टिकल्या.

"आजी, हा मोर आहे," लेक म्हणाली.

मोरच होता. रांगोळीत मोर, पैठणीच्या पदरावर मोर; आपल्या हाताला पिसारा दिला की तो मोराकडेच वळणार. तसे दोघं एकाच कुळातले. पण मोराचा पिसारा म्हणजे शेपटी नव्हे, शेपटीवरची लांब पिसं. टर्की पसरते ती खरी शेपटी, अठराएक पिसांची, आखूड आणि अर्धगोल. आईनं कात्री घेऊन पिसं छाटली. टिकल्या काढताना तिला फार वाईट वाटलं. तरीही टर्की होईना. आखूड पिसाऱ्याचा मोर झाला.

मग मी तिला फोनवर मन्सूरचं चित्र दाखवलं. १६१२च्या सुमाराला जहांगीरचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून नवलाईच्या वस्तू घेऊन आला, त्यांत एक टर्की होती. बादशहानं दरबारी चित्रकार मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जहांगीरानं स्वतःही लिहून ठेवलंय. माजावर आली की तिचं डोकं-मान पोवळ्यासारखी लाल होते, मग तीच कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी. आणि चोचीवरचं मांस हत्तीच्या सोंडेसारखं खाली लोंबतं. मोराच्या देशातला माणूस, त्याला पिसाऱ्याचं काय कौतुक! त्यानं बरीचशी शाई चेहऱ्यावर खर्च केली. आम्ही सगळे पिसाऱ्यावर मरतो आणि तोंडाला फेल्टचा एक लाल तुकडा डकवून मोकळे होतो.

आईनं चित्र दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. "शी, काय हे ध्यान!" म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती मसाल्याच्या डब्यातली ब्याडगी मिरची घेऊन. वाळलेली, सुरकुतलेली, गडद लाल. देठ चोचीच्या वर खवल्यात अडकवला, दोऱ्याचा एक वेढा दिला आणि मिरची एका अंगाला लोंबकळत सोडली. झाली टर्की! लेकीनं टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी आमच्या टेबलावर मसालेभात होता, क्रॅनबेरीचं लोणचं होतं, आणि भाजलेली टर्की ज्यांना हवी होती त्यांनी ती स्वतःची आणली होती. शाकाहाऱ्यांनी ती टेबलाच्या त्या टोकाला ठेवायला लावली. सेंटरपीस फूटभराच्या आत असावं, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसतं. आमची टर्की त्याहून खूपच बुटकी होती, तरी बोलणं तिच्यावरूनच सुरू झालं. एका अमेरिकन शेजारणीनं ती सोंड कशाची म्हणून विचारलं, आणि सांगितल्यावर बोटानं हलकेच दाबून पाहिली. आईनं तिला खुणेनं लगेच हात धुवायला सांगितलं.

शुक्रवारी टर्की आवरायला घेतली तर सोंड जागेवर नाही.

"अगं, वरणाला फोडणी द्यायची होती," आई म्हणाली. "डब्यातल्या संपल्या होत्या. आणि गोंद कुठे लावला होता त्याला?"