तेलाची बाटली

शुक्रवार, रात्री

बेड नंबर ९ वरच्या बाईंचा प्रश्न अजून कानात आहे.

चर्चच्या मंडळीतल्या आम्ही चौघी दर शुक्रवारी भेटीच्या वेळेत दवाखान्यात जातो. बाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. मधल्या दिवसांत दुसरंच कुणी प्रार्थनेला येऊन गेलं होतं. बाई म्हणाल्या, "ताई, माझा विश्वास कमी पडतोय म्हणून गुण येईना, असं सांगून गेले. पुरता विश्वास कसा ठेवायचा असतो, तेवढं शिकवा की."

मला बाबाच आठवले. मी कॉलेजात असताना मंडपातल्या सभेत एका उपदेशकाने सांगितलं, औषध घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. बाबांनी त्या रात्रीपासून इन्सुलिन बंद केलं. सहाव्या दिवशी शुद्ध हरपली. देवाने वाचवलं, आणि रात्रभर जागलेल्या डॉक्टरांनी वाचवलं. मला ही दोन वाक्यं वेगळी करता येत नाहीत. पण त्यानंतर बाबांनी स्वतःसाठी कधी प्रार्थना मागितली नाही. आपलाच विश्वास हलका निघाला, हे त्यांच्या मनात कायमचं बसलं. आजारापेक्षा मला ते जास्त लागतं.

प्रार्थनेने माणसं बरी होतात असं मी मनापासून मानते, नाहीतर गेलेच नसते. पण बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या हातून कितीतरी जण बरे झाले, आणि त्याच पौलाने आपल्या सोबतच्या त्रफिमाला मिलेत शहरात आजारीच मागे ठेवलं. आपला तरुण सहकारी तीमथ्य, त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या देहातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, तरी काटा राहिलाच. लूक वैद्य त्याच्या सोबत होता. यांतल्या कुणाला विश्वासावरून बोल लावलेला नाही. आमच्या मिरजेत तर डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना उभा केला, तोही प्रभूच्याच नावाने.

बाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. चौघांनी बाजेवरून आणलेल्या पक्षघाती माणसाची गोष्ट सांगितली. दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडलं. येशूने 'त्यांचा', म्हणजे आणणाऱ्यांचा, विश्वास पाहिला असं मार्क शुभवर्तमानात लिहितो. तो माणूस तर नुसता बाजेवर पडून होता, तोंडातून शब्द नाही. म्हटलं, "विश्वास धरायचं काम आमचं. तुम्ही पडून राहा. आणि डायलिसिस चुकवायचं नाही."

बाई कितीतरी वेळ छताकडे बघत राहिल्या.

मग विचारलं, काय मागू? येशूनेही आंधळ्या बार्तीमयाला हेच विचारलं होतं, आणि त्याला काय हवं हे दिसत असूनही विचारलं होतं. मी पूर्वी न विचारताच सुरू करायची. बाई म्हणाल्या, "झोप मागा. आणि धाकटीची दहावी आहे." तेवढंच मागितलं. शेजारच्या कॉटवरच्या आजींनी कपाळाचं कुंकू सावरत "माझ्या पायाचं पण सांगा त्याला" म्हटलं, तेही सांगितलं.

तेल लावायला बाटली काढली. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावायला सांगितलं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द रोज अंगाडोक्याला तेल चोळतात त्यासाठीचाच, असं पाळकसाहेबांनी एकदा समजावलं होतं. मी बोट बुडवून कपाळाला लावणार, तोच बाईंनी हात धरला. "ताई, जरा केसांनाच लावता का? पंधरा दिवस झाले, फणी फिरली नाही."

उशाखालचा कंगवा काढला. उशीवर घासून मागे केसांचा पार गोळा झाला होता. एकेक बट मुळाशी धरून, तेल जिरवत, खालून वर सोडवत गेले. बाईंनी डोळे मिटले. अर्धी बाटली संपली. उजवीकडची वेणी घालून झाली आणि सिस्टर वेळ संपल्याचं सांगायला आल्या. डावी बाजू राहिली आहे.