जुनी सेमी ऑटोमॅटिक आणि तिचा ड्रायर

आजची दुपार जुन्या सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या पाठीशी गेली. मागचा पत्रा काढला की ही मशीन काही लपवत नाही. धुण्याच्या टबाखाली मोटर आणि पट्टा, ड्रायरखाली मोटर थेट शाफ्टलाच, म्हणजे ड्रायर फिरवणाऱ्या दांड्यालाच जोडलेली.

ड्रायर नुसता गुणगुणतोय, फिरत नाही? प्लग काढा, झाकण बंद असतं तशी ब्रेकची वायर ओढून धरा आणि खालून कपलिंग, म्हणजे मोटर आणि शाफ्टमधला जोड, हाताने फिरवून बघा. जड जात असेल तर ब्रेक. झाकण मिटलं की वायर ताणली जाऊन ब्रेक सुटायला हवा. वायर ढिली पडली की तो घासत राहतो आणि मोटर तापते. मोकळं फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (म्हणजे क्षमतेचा) नवा बसवा, पण जुना आधी डिस्चार्ज करून, म्हणजे त्यात साठलेली वीज उतरवून. आवाजच नसेल तर झाकणाचा स्विच तपासा.

ड्रायरखाली पाणी ठिबकतंय म्हणजे रबरी सील गेलं. ते पाणी मोटरवर उतरतं, त्यामुळे चालढकल नको. निचरा थांबत नसेल तर व्हॉल्व्हमध्ये शर्टाचं बटण अडकलेलं असणार!

बाकी, साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, ही चैन फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये कुठली?