भुताला माझा घर क्रमांक ठाऊक होता

एडिसन, न्यू जर्सी
गुरुवार, ३१ ऑक्टोबर २०२४

आजचा दिवस फारच गर्दीचा गेला. इथल्या घड्याळाने चतुर्दशी सकाळी साडेसहाच्या आधीच संपली आणि अमावस्या लागली, त्यामुळे पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन असे दोन्ही एकाच तारखेला आले, आणि त्याच तारखेला हॅलोविनही होता, म्हणजे मुले भुताखेतांचे वेश करून दारोदार चॉकलेट मागतात तो इथला सण. पहाटे आईने हट्टाने सगळ्यांना उठवून उटणे लावले. कारीट इथे कुठले मिळायला, म्हणून तिने परसातल्या कुंडीतली एक कच्ची चेरी टोमॅटो माझ्या अंगठ्याखाली ठेवली आणि नरकासुराचा वध उरकून घेतला. संध्याकाळी पूजेचे ताट अजून देव्हाऱ्यासमोर असतानाच दारात पहिला सांगाडा चॉकलेट मागायला उभा राहिला. त्याचे वय पाच असावे.

लेकीचे लक्ष मात्र समोरच्या घराकडे होते. समोर राहणारे गृहस्थ लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाले आहेत आणि दर वर्षी आपल्या गॅरेजमध्ये हाँटेड हाउस, म्हणजे लोकांनी आत फिरून घाबरायचे भुताचे घर, उभे करतात. सप्टेंबरपासून त्यांच्याकडून करवतीचा आवाज येत होता. एकदा तर ते मुद्दाम येऊन विचारून गेले की, यंदा तुमचा सण त्याच रात्री आहे, तेव्हा आवाजाचा त्रास तर होणार नाही ना. आमच्याकडचे फटाके पाहता हा प्रश्न खरे तर मी त्यांना विचारायला हवा होता.

या तयारीत लेक दर शनिवारी त्यांच्या हाताखाली होती. भिंतींच्या आत घालतात त्या गुलाबी फोमच्या पाट्यांवर कोरून तिने थडग्यांचे सहा दगड केले आणि करडा रंग दिला. प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर रंगाऱ्याचे पातळ प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर हीट गन धरली की ते आक्रसून हाडांना चिकटते, आणि वर लाकडाचे पॉलिश फासले की वाळलेली कातडी तयार होते, हेही ती जेवताना सविस्तर सांगत असे. भिंतीचे सांधे भरायची लुकण पाच भाग आणि रंग एक भाग, त्यात जुनी चादर बुडवून तारेच्या ढाच्यावर टाकली की वाळल्यावर दगडासारखी कडक आकृती उभी राहते. या गाळाला त्या मंडळींत ‘मॉन्स्टर मड’ म्हणतात. एवढे सगळे आधीच ऐकून झाल्यावर भीती कसली वाटणार, असे मी धरून चालले होते.

शिवाय दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी एका मोठ्या, तिकीट काढून जायच्या हाँटेड हाउसला गेले होते. ४५ डॉलर देऊन तासभर रांगेत उभे राहिलो आणि आत वीस मिनिटे कुणी ना कुणी कानाशी ओरडत राहिले. साखळी काढलेली करवत अंगावर आली, दिवे डोळ्यांत लुकलुकले, मी दचकलेही, पण भ्यायले नाही. दचकणे आणि भिणे यांत फरक आहे. तो प्रसंग आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “भुताक तिकीट कित्याक व्हयां?” तिचे म्हणणे मला पटते. आमच्या कोकणात भुताला तिकीट नसते, पत्ता असतो. मुंजा म्हटले की अमक्या पिंपळावरचा, देवचार म्हटला की तमक्या सीमेवरचा. आरवलीचा वेतोबा तर गावाचा राखणदारच. त्याला लोक चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात आणि त्या झिजतात, कारण तो रात्री गावातून फिरतो, असे आम्ही लहानपणी ऐकले आणि मानले. त्या शेडमधल्या करवतवाल्याला गाव नव्हते आणि मी कोण, याच्याशीही त्याला काही कर्तव्य नव्हते.

सातच्या सुमारास मी आणि लेक समोर गेलो. ऑक्टोबर संपत आला तरी हवा उन्हाळ्यासारखी उबदार होती. महिनाभर पावसाचा थेंब नाही, ओकची पाने पायाखाली पापडासारखी मोडत होती, आणि राज्यभर उघड्यावर शेकोटी पेटवायला बंदी होती. फाटकाशी टेबलावर डबाबंद अन्नासाठी खोके ठेवले होते. प्रवेशाचा मोबदला म्हणजे फूड बँकेसाठी एक डबा. मी राजम्याचे दोन टाकले. एका वेळी पाचच जणांना आत सोडत होते. आत मेणबत्त्या दिसल्या तरी सगळ्या बॅटरीच्या आहेत, काळ्या कापडावर आग न धरणारे औषध फवारले आहे, मध्येच नको वाटले तर डाव्या हाताला ‘चिकन डोअर’ आहे, म्हणजे भित्र्यांचा दरवाजा, हे सगळे समोरच्या गृहस्थांनी लिफ्टच्या सूचना वाचाव्यात तसे सांगितले. विझवायचे सिलिंडर दोन होते. ही काटेकोरी त्यांच्या मनात १९८४ पासून आहे. त्या वर्षी ११ मे रोजी इथून जवळच, जॅक्सन टाउनशिपमधल्या एका करमणूक उद्यानात, ट्रेलर जोडून उभारलेल्या भुताच्या किल्ल्याला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले आत सापडून मेली. तिथे पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. त्यानंतर अशा जागांचे नियम कडक झाले. आपले गॅरेज कुठल्या नियमात बसते हे कुणी विचारो न विचारो, मी तपासणीस येणार असल्यासारखेच बांधतो, असे ते मला मागे म्हणाले होते.

घराच्या बाजूची वाट धुराने भरली होती. धूर आधी बर्फाच्या पेटीतून नेऊन गार केलेला असल्यामुळे तो वर न उठता घोट्यांभोवती रेंगाळत होता. वर झाडाखाली एक पांढरी आकृती हात हलवत तरंगत होती. तिचे दोरे मोटारीच्या वायपरच्या मोटरला बांधले आहेत, हे मला पाठ होते. पुढे काळ्या प्लॅस्टिकची बोळ, गालाला लागणारे दोरे, अंधारात कुणाचा तरी खोकला. मी सगळ्या वस्तूंची मनातल्या मनात हजेरी घेत होते. लेक माझ्या मागे होती आणि नेहमीपेक्षा गप्प होती. त्याचे कारण नंतर कळले.

मग स्वयंपाकघर आले. गॅरेजच्या शेवटच्या कप्प्यात त्यांनी आपल्या आईचे स्वयंपाकघर मांडले होते. फॉर्मायकाचे पिवळे टेबल खरे तिचे होते, गोल कोपऱ्यांचा रेडिओ तिचा होता, खुंटीला टांगलेली चाफेकळी रंगाची किटली तिचीच होती. टेबलावर दोन वाडगे, एक खुर्ची मागे सरकवलेली, आणि रेडिओत नुसती खरखर. दहा-पंधरा सेकंद काहीही झाले नाही. एवढे थांबण्याची हिंमत तिकीटवाल्यांकडे नसते, रांग पुढे ढकलायची असते.

आणि मग शेगडीपाशी, जिथे आत्तापर्यंत मोकळी हवा होती, तिथे एक पांढऱ्या चेहऱ्याची बाई हळूहळू दिसू लागली. तिच्यातून मागची किटली दिसत होती.

ही युक्ती मला माहीत आहे. तिला ‘पेपरचे भूत’ म्हणतात. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर दाखवली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. प्रेक्षकांसमोर तिरकी काच, बाजूला लपलेली अंधारी खोली, आणि त्या खोलीत उभ्या माणसावर उजेड वाढवत नेला की त्याचे प्रतिबिंब काचेतून मंचावर उभे राहते. डिस्नेलँडच्या १९६९ च्या हाँटेड मॅन्शनमध्ये नाचणारी भुतेही अशीच उमटतात. काच म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा पत्रा, आणि ती बाई म्हणजे त्यांची पत्नी, जी सासूचा एप्रन बांधून बाजूच्या कप्प्यात उभी आहे, हे मी एका सेकंदात ओळखले.

त्या बाईने मान वळवली, थेट माझ्याकडे पाहिले आणि कुणी शेजारीण कुंपणावरून बोलते तशा साध्या आवाजात म्हणाली, “बेचाळीस नंबर, पायरीवर दिवा उघडा ठेवून आलीस तू.”

माझे हातपाय गार पडले. अतिशयोक्ती करत नाही, लेकीचा हात मी इतका घट्ट धरला की तिने मराठीत ‘आई गं’ म्हटले.

या भीतीची ओळख मला आहे. वेंगुर्ल्याला नरकचतुर्दशीच्या पहाटे वाडीतली मुले नरकासुर काढायची. पेंढा, कागद, पुठ्ठ्याचा मुखवटा, पोटात फटाके. चार-चार रात्री जागून आमच्याच खळ्यात तो बांधत. मी दिवसभर पेंढ्याचे भारे आणून देत असे. कागदी दाढांची मला कधी भीती वाटली नाही. पण एका वर्षी दादाने त्याच्या अंगात बाबांचा जुना रेघांचा सदरा घातला, आणि पहाटेच्या अंधारात वाऱ्याने त्या सदऱ्याची बाही हलली, तेव्हा मी किंचाळत घरात पळाले. सदरा ओळखीचा होता. आज पत्ता ओळखीचा निघाला.

बाहेर येताच लेकीने सगळे कबूल केले. फाटकाशी समोरचे आजोबा वॉकीटॉकीवर बायकोला सांगतात की आता कुणाच्या घरचे आत येत आहेत. गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी भुताकडे एक वाक्य आहे. कुणाची कचऱ्याची बादली चार दिवस बाहेर आहे, कुणी उसनी शिडी परत केलेली नाही. हे गुपित तिने सहा आठवडे पोटात ठेवले होते. माझी सही हवी असलेले प्रगतिपुस्तक ती सहा मिनिटे लपवू शकत नाही.

पण भूत खोटे बोलले नव्हते. रांगोळीच्या कडेने मी पाच पणत्या लावल्या होत्या आणि पायरीच्या कोपऱ्यात ओकची वाळकी पाने वाऱ्याने ढीगभर जमली होती. रस्ता मी जवळजवळ पळतच ओलांडला. आई दारात पाटावर बसली होती, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. ती बराच वेळ तिथेच असावी. माझ्याकडे न बघता तिने विचारले, “भूत कसां होतां गो?” मी पणत्या उचलून स्टीलच्या परातीत पाणी घालून त्यात मांडल्या, आणि मग सांगितले.

साडेनऊला समोरचे शटर खाली आले. आईने फराळाचे ताट भरून लेकीला पाठवले आणि पाच मिनिटांत भूत स्वतःच ताट परत करायला आले. चेहरा तसाच पांढराफटक, एप्रन तसाच, हातात अर्धी चकली. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून ती पायरीच्या अगदी कडेने चढली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सवाष्ण दारात आली आहे म्हटल्यावर आई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. त्या तेलकट रंगावर कुंकू धरेना. आईने पदराने तिच्या कपाळाचा मधला भाग खसखसून पुसला, खालची गुलाबी कातडी दिसू लागल्यावर पुन्हा बोट टेकवले, आणि भूत डोळे मिटून उभे राहिले.