आजाराची सुरुवात : शांतता क्षेत्र

माझे यजमान जून २०१६ मध्ये नाईक या हुद्द्यावरून, मुदत पुरी होण्याआधी, लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे खालच्या वैद्यकीय श्रेणीत, सैन्यातून घरी आले. सेवेतून सोडताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने त्यांचे अपंगत्व ४० टक्के आणि आजन्म ठरवले होते. पुढे काही आठवड्यांनी रेकॉर्ड ऑफिसचे, म्हणजे सैनिकांचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाचे, पत्र आले. त्यात लिहिले होते की, हा मानसिक आजार प्रकृतिगत, म्हणजे माणसाच्या मूळ प्रकृतीतलाच, आहे, तो सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, सबब अपंगत्वाची पेन्शन देय नाही. कारण म्हणून एकच ओळ होती : आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात, म्हणजे जिथे लढाई किंवा चकमकी नसतात अशा ठिकाणी, झाली. ती एक ओळ खोडून काढायला आम्हाला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, अर्ज आणि अहवाल लिहिण्यात माझी हयात गेली. तरीही मी मेटाकुटीला आले. ज्या घरात लिहिणारे कोणीच नाही तिथे काय होत असेल, या विचाराने हे लिहीत आहे.

हे १९९८ मध्ये भरती झाले आणि २००३ ते २००५ या काळात राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादाविरुद्ध लढणाऱ्या दलात, काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात होते. तिथे मक्याच्या उभ्या शेतातून झडती घेत असताना गोळीबार झाला, यांचा जोडीदार शेजारीच पडला आणि अंधार पडेपर्यंत हे त्याच्याजवळ पालथे पडून राहिले, एवढेच मला माहीत आहे, आणि तेही त्यांनी मला लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितले. आमची दीड एकर बागायत कृष्णाकाठी आहे. ऊस कमरेच्या वर गेला की हे त्या सरीत शिरत नसत, बांधावरूनच पाणी फिरवत, आणि वारा सुटून पाचट वाजू लागले की मोटार चालू ठेवून घरी निघून येत. शेवटी आम्ही ऊस मोडला आणि सोयाबीन, भुईमूग असे जमिनीलगतचे पीक घेऊ लागलो. कारखाना जवळ असताना ऊस का सोडला, असे भावकीने पुष्कळदा विचारले. मी पाण्याचे कारण सांगत राहिले.

कुपवाड्याहून त्यांची बदली शांतता क्षेत्रातल्या छावणीत झाली, आणि २००७ मध्ये तिथेच ते पहिल्यांदा लष्करी रुग्णालयात दाखल झाले. सैन्यात वैद्यकीय श्रेणी पाच इंग्रजी अक्षरांनी लिहितात. त्यातले पहिले ‘एस’ हे मनाच्या स्थितीचे. हे ‘एस’ त्यांचे तेव्हापासून खाली आले ते पुन्हा वर गेले नाही. रुग्णालयाचा दाखला त्या छावणीचा, म्हणून आजाराची सुरुवात त्या छावणीतली, असा तो सरळ हिशेब होता. मनाची जखम लागते त्याच दिवशी दिसते, असे धरून चालणाऱ्या हिशेबाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. आघातानंतरचा ताणविकार कित्येकदा महिन्यांनी, कधी वर्षांनी डोके वर काढतो, हे पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितले.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण आमच्या ओळखीचे अनेक जण इथेच फसले आहेत. पंधरा वर्षांहून अधिक सेवा झाल्याने यांची नेहमीची पेन्शन सुरू झाली होती. पेन्शन चालू आहे म्हणजे सगळे मिळाले, असे समजून लोक कागद पेटीत ठेवून देतात. अपंगत्वाचा भाग वेगळा असतो. त्यासाठी अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते, आणि ते सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले आहे असे मान्य व्हावे लागते. अपंगत्व १०० टक्के असेल तर अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असा त्याचा दर आहे. नकार आला तर सहा महिन्यांत पहिले अपील करायचे असते, त्यानंतर दुसरे. आम्ही दोन्ही केली, दोन्ही फेटाळली गेली, आणि दोन्ही उत्तरांत तीच ओळ जशीच्या तशी होती.

अपिलात काही वजनदार लिहायचे तर पुरावा हवा होता आणि पुरावा यांच्याच वैद्यकीय फायलीत होता. ती फाईल आमच्याकडे नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि सवयीने खाली माझी सही केली. महिन्याभराने उत्तर आले की, ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. ज्यांचे जेवण, औषधे, रात्रीची झोप मी सांभाळते त्यांच्याबाबत मी त्रयस्थ ठरले, याचा मला त्या दिवशी फार राग आला. आज मान्य करते की, कायद्याने ते उत्तर बरोबर होते. अर्जावर सही माजी सैनिकाचीच हवी.

आणि हे सही करेनात. “मला वेडा ठरवून पैसे मागायचे आहेत का तुला?” असे त्यांनी एकदा विचारले, आणि मी तो विषय बंद केला. तयार अर्ज चार महिने देवघराच्या फडताळात पडून होता. दोनदा त्यांनी तो फाडला, मी पुन्हा लिहिला. मी त्यांना औषधाबद्दल सांगितले, मुलीच्या शिक्षणाबद्दल सांगितले, पैशाचा हिशेब मांडून दाखवला. कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी एका रविवारी सकाळी मी काहीच न बोलता रेकॉर्ड ऑफिसचे ते पहिले पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचले आणि ‘प्रकृतिगत’ या शब्दाचा अर्थ सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे हा आजार मी घरून घेऊन गेलो? आईबापाकडून?” त्यांनी चष्मा मागितला, अर्ज पूर्ण वाचला आणि सही केली. ज्या पत्नी, बहिणी, मुली असा अर्ज घेऊन बसल्या असतील त्यांना मी एवढेच सांगेन की, फौजी माणसाला पैशाचे कारण पटत नाही. त्याच्यावर झालेला अन्याय त्याच्या कानावर शब्दशः जाऊ द्या.

सही झाली, पण दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर परत आली, कारण ती ज्या पदनावाने काढायची त्याऐवजी मी कार्यालयाच्या नावाने काढली होती. तिसरा अर्ज पोहोचला. उत्तर आले की, वैद्यकीय कागद रुग्णालयाकडे असतात. रुग्णालयाने कळवले की, ते सैनिक निवृत्त होताच रेकॉर्डकडे जातात. रेकॉर्डने कळवले की, आधीच्या युनिटकडे विचारणा करावी, आणि युनिट तोवर दुसऱ्या राज्यात हलले होते. असे एक वर्ष गेले. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन करत असे. पलीकडचा आवाज प्रत्येक वेळी नवा असे आणि प्रत्येक वेळी मला आर्मी नंबरपासून सगळे पहिल्यापासून सांगावे लागे. एकदा मला सांगण्यात आले की, “मॅडम, मानसिक केसमध्ये काही मिळत नाही, कशाला त्रास घेता?” त्या माणसाच्या आवाजात तुसडेपणा नव्हता, त्याला ते खरेच वाटत होते, आणि मला त्याचेच सर्वांत जास्त वाईट वाटले.

मला कोणी आधी सांगितले असते तर ते वर्ष वाचले असते : माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज तिकडे पाच दिवसांत वर्ग करण्याची जबाबदारी, माहिती अधिकाराच्या कलम ६(३) प्रमाणे, अर्ज घेणाऱ्या कार्यालयाची असते. आपण दारोदार फिरायचे नसते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका वयस्क सुभेदारसाहेबांनी हे कलम मला कागदावर लिहून दिले. मी ते घालून माहिती अधिकारातले प्रथम अपील केले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ४३ पानांचा गठ्ठा स्पीड पोस्टाने घरी आला.

त्या रात्री मी जेवण झाल्यावर तो गठ्ठा उघडला. झेरॉक्स पुसट होती, काही पाने उलटी लागली होती. सतराव्या पानावर ‘एएफएमएसएफ-१०’ असा नमुना होता. मानसिक आजाराच्या प्रकरणात कमांडिंग ऑफिसरने सैनिकाच्या वागणुकीबद्दल भरून द्यायचा असतो तो. २००७ मधल्या त्या साहेबांनी हाताने लिहिले होते की, हा जवान शिस्तीचा आणि मेहनती आहे, त्याला कसलेही व्यसन नाही, घरची अडचण नाही, आणि राष्ट्रीय रायफल्सच्या कार्यकाळातून परतल्यापासून तो झोपत नाही व एकटा राहतो. म्हणजे आम्ही तीन वर्षे ज्या पुराव्यामागे धावत होतो तो पहिल्या दिवसापासून त्यांच्याच फायलीत होता. मेडिकल बोर्डासमोर तो होता, दोन्ही अपिलांच्या वेळी तो होता. ते पान कोणी वाचले असते, तर ती एक ओळ लिहिणे शक्यच नव्हते. मी ते पान हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते आणि मला रडू आवरत नव्हते. म्हणून प्रत्येकाला सांगते, बाकी काही मिळो न मिळो, हा दहा नंबरचा नमुना आणि बोर्डाचा पूर्ण अहवाल, म्हणजे सोळा नंबरचा नमुना, नाव घेऊन मागा.

याच काळात बाहेर काय चालले होते तेही लिहिले पाहिजे. आमचे दुसरे अपील फेटाळल्याचे पत्र एप्रिल २०१९ मध्ये आले. पुलवामा आणि बालाकोटनंतरची ती लोकसभा निवडणूक होती. सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाला मार्चमध्ये पक्षांना द्यावी लागली होती. आमच्या भागात २३ एप्रिलला मतदान झाले आणि त्याआधीच्या प्रत्येक सभेत जवानांच्या नावाने टाळ्या घेतल्या गेल्या. यांनाही व्यासपीठावर बसण्याचे निमंत्रण आले, ते गेले नाहीत. मी कोणत्याही एका पक्षाबद्दल बोलत नाही. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन मिळावी म्हणून, २०१५ मध्ये म्हाताऱ्या सैनिकांना जंतरमंतरवर महिनोन्महिने बसावे लागले. तो प्रश्न त्याआधीच्या अनेक सरकारांनी दशकानुदशके टांगून ठेवला होता. सप्टेंबर २०१६ अखेरीस सर्जिकल स्ट्राइकचा जल्लोष सुरू असताना, त्याच दिवसांत अपंगत्वाच्या पेन्शनची टक्केवारी काढून ठरावीक रकमांचे टप्पे लावणारा आदेश निघाला; पुष्कळ ओरड झाल्यावर पुढे तो बदलावा लागला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी आपल्याच सैनिकांविरुद्धचे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती, हे मी आदराने नमूद करते. पण आमच्यासारख्यांना त्यानंतरही ट्रिब्युनलची, म्हणजे सैन्यदलांच्या न्यायाधिकरणाची, पायरी चढावीच लागली.

आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा टप्पा मला फारसा आठवतही नाही, इतका तो सुरळीत गेला. वकील चांगले मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये अर्ज दाखल झाला, मग टाळेबंदीमुळे तारखा लांबल्या, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलेले सूत्र आमच्या कामी आले : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतर झालेला आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरायचे, तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने नकार दिला तर कारणे द्यायला हवीत. १९९८ मध्ये हे पाचही अक्षरांत पहिल्या श्रेणीत भरती झाले होते. त्यात सतरावे पान जोडल्यावर वादाला जागा उरली नाही. राम अवतार प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१४ च्या निकालानुसार ४० टक्के अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरले गेले.

थकबाकी मात्र अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळाली, म्हणजे फेब्रुवारी २०१७ पासूनची. त्याआधीचे आठ महिने गेले. म्हणून दुसरे अपील फेटाळले की आणखी कागद जमवण्यात थांबू नका, अर्ज दाखल करून टाका. सुधारित पी.पी.ओ., म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्यानंतर हयातीचा दाखला स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर द्यावा लागतो. तो वेळेवर दिला नाही तर सगळीच पेन्शन थांबते, हे विसरू नका.

उपचारांबद्दल थोडे राहिले. ई.सी.एच.एस. या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी रेफरल घ्यावे लागते. त्याची मुदत असते आणि ती संपण्याआधी नवे घ्यावे, नाहीतर औषधात खंड पडतो. आमच्याकडे एकदा बारा दिवसांचा खंड पडला आणि ते बारा दिवस मी झोपले नाही. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो मोफत आहे.

सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियम आले आहेत, तेव्हा त्यांनी आमचा निकाल जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असे धरू नये. माझे दोन माजी विद्यार्थी अग्निवीर आहेत. त्यांना पेन्शनच नाही, पण अपंगत्वाच्या एकरकमी रकमेसाठी ‘सेवेमुळे’ हीच अट त्यांनाही आहे. मी दोघांनाही सांगितले आहे की, एम.आय. रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, झोप येत नाही म्हणून जरी गेलात तरी ती नोंद करून घ्या, आणि जिथे त्रास झाला तिथेच करून घ्या.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावची एक बाई पदराखाली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या मालकांचेही असेच पत्र आले आहे आणि तेही सही करत नाहीत. मी अर्जाचा मसुदा लिहून दिला. यांनी तो माझ्या हातातून घेतला, पोस्टल ऑर्डर कोणत्या पदनावाने काढायची ते वर पेन्सिलीने लिहिले आणि म्हणाले, “सहीचे मी बघतो. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसतो.” त्या गावाची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते. ते दिवेलागणीच्या आधी निघाले आणि रात्री साडेनऊला परत आले.