ब्रॉन्झव्हिल : कपाशीच्या शेतातून शिकागोच्या दस्तऐवजांपर्यंत

शिकागोच्या दक्षिण भागातली ब्रॉन्झव्हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती खान्देशी वाचकाने कपाशीपासून समजून घ्यावी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, इथले भाव कोसळले. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याच्या शेतात वेचणी करणारे हात मात्र तेच राहिले, फक्त आता निम्मे बटाईने. बियाणं आणि किराणा मालकाच्या दुकानातून उधार, हंगामाअखेर हिशेबही मालकच करणार, आणि बाकी बहुतेक वेळा बटाईदाराच्याच अंगावर निघणार. त्यात १८९२च्या सुमारास मेक्सिकोकडून बोंडात अंडी घालणारा सोंडकिडा टेक्सासमध्ये शिरला आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याने जवळजवळ सगळा कापूसपट्टा व्यापला. बोंड आतून पोखरलं की शेतकऱ्याचं काय होतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले. शिकागोच्या कत्तलखान्यांना आणि पोलाद कारखान्यांना माणसं हवी होती, आणि मिसिसिपीतून थेट शिकागोला जाणारी इलिनॉय सेंट्रल रेल्वे होतीच. १९०५ साली रॉबर्ट अ‍ॅबट यांनी सुरू केलेल्या 'शिकागो डिफेंडर' या, उत्तरेत या असं सांगणाऱ्या वर्तमानपत्राचे गठ्ठे रेल्वेच्या पुलमन (झोपण्याच्या सोयीच्या) डब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर दक्षिणेत पोचवत. शहरातली कृष्णवर्णीयांची संख्या १९१० साली सुमारे ४४,०००, तर १९३० साली सुमारे २,३४,००० होती.

माणसं पाचपट झाली, जागा त्या मानाने वाढू दिली नाही. सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो. १९१९च्या वांशिक दंगलीत ३८ माणसं मेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय. पण वस्तीला कोंडून ठेवण्याचं टिकाऊ काम दगडांनी नाही, दस्तांनी केलं. १९२७ पासून शहरातल्या मालमत्ता-दलालांच्या मंडळाचा एक तयार मसुदाच फिरत होता: या मिळकती कृष्णवर्णीयांना विकायच्या नाहीत, भाड्याने द्यायच्या नाहीत. अपवाद फक्त तळघरात किंवा मागच्या गॅरेजवर राहणाऱ्या शिपाई, ड्रायव्हर, घरगड्यांचा. हा करार लागू व्हायला त्या भागातल्या ठरावीक प्रमाणात मालकांच्या सह्या लागत. कृष्णवर्णीय व्यावसायिक कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ साली अशा भागात घर घेतलं, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या भागात ९५ टक्के मालकांच्या सह्या झाल्याचा दावा होता, प्रत्यक्षात सुमारे ५४ टक्केच झाल्या होत्या. १९४० साली हॅन्सबेरी जिंकले, तेही तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयामार्फत बजावता येणार नाहीत, हा निकाल यायला १९४८ उजाडलं.

कोंडीचा परिणाम घरांवर झाला. मालकाने सहा खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, लाकडी पार्टिशनं टाकून सहा बिऱ्हाडं करायची, प्रत्येकात एक छोटी शेगडी ठेवायची आणि बाथरूम सगळ्यांत एक. एकूण भाडं कितीतरी वाढतं, दुरुस्ती शून्य. नळ आणि वायरिंगवर कित्येक पट भार, म्हणून गळती आणि आगी. मग तीच पडझड दाखवून 'हे लोक घरं बिघडवतात' असं म्हणायचं. हे म्हणणं खोटं होतं, आणि ते आजही ऐकू येतं.

याच वस्तीत १८९१ साली डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स यांनी प्रॉव्हिडंट हॉस्पिटल उभं केलं, जिथे कृष्णवर्णीय मुलींना नर्सिंगचं शिक्षण मिळू लागलं. जेसी बिंगा यांची बँक निघाली, ती १९३०च्या मंदीत बुडाली. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स इथेच वाढल्या; १९५० साली पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय.

बँका या वस्त्यांत कर्ज देत नसत, म्हणून १९५०-६०च्या दशकांत दक्षिण आणि पश्चिम शिकागोत 'काँट्रॅक्ट'वर घरं विकली गेली. आपल्याकडच्या साठेखतावर आयुष्यभर हप्ते भरत राहावं, तसा हा प्रकार. सट्टेबाज घाबरलेल्या गोऱ्या मालकाकडून घर स्वस्तात उचलायचा आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला बऱ्याचदा दुप्पट किमतीला द्यायचा. बयाणा, हप्ते, व्याज, कर, विमा, दुरुस्ती सगळं घेणाऱ्याचं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याची. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले, आणि तेच घर पुढच्याला. १९६८ साली खरेदीदारांनी संघटना बांधली, हप्ते रोखून धरले, आणि शेकडो करार नव्याने ठरवून घेतले.

१९६२ साली पूर्ण झालेल्या रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी घरकुल योजनेच्या सोळा मजली २८ इमारती वस्तीच्याच पट्ट्यात, डॅन रायन महामार्गाला खेटून उभ्या केल्या. गोऱ्या भागांत विखुरलेली घरं नगरसेवकांना नको होती. २००७ पर्यंत सगळ्या पाडल्या.

होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचे, कुठल्या भागात घरकर्ज देणं किती जोखमीचं हे दाखवणारे १९३०च्या दशकातले नकाशे रिचमंड विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. हिरवा, निळा, पिवळा, लाल अशा चार श्रेणी; लाल म्हणजे 'धोकादायक'. रंगावर थांबू नका, भागावर क्लिक करून मूळ फॉर्म उघडा. त्यात इमारतींच्या वयाशेजारीच कृष्णवर्णीय आहेत का, किती टक्के, आणि कोणाची 'घुसखोरी' चालू आहे, असे रकाने आहेत. मात्र सगळा दोष या नकाशांवर टाकू नये. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे स्वतःचे मूल्यांकनाचे नियम होते, आणि गृहकर्जाला सरकारी हमी द्यायची की नाही हे त्या नियमांवर ठरत असे.